पॅरिसचं राहू द्या, आधी त्या फुकटच्या जेवणाचं बिल बघा

पत्र बेळगावहून आलंय, नाव देत नाही. थोडं कापून टाकतोय, भाषा त्यांचीच:

"सर नमस्कार. मी उद्यमबागला एका फॅक्टरीत सुपरवायझर आहे, हातात ५८ हजार येतात. मिसेस शाळेत आहे, तिचे २६. अनगोळात स्वतःचं घर, मुलगी ७ वर्षांची. येत्या मे महिन्यात लग्नाला ११ वर्षं होतील. मिसेसला एकदा तरी पॅरिसला आयफेल टॉवरवर जेवायचंय, रील बघून बघून डोक्यात बसलंय. एजंटनं दोघांचं पॅकेज ४ लाख २० हजार सांगितलंय, टॉवरवरचं जेवण वेगळं. पैशाची सोय तशी आहे. मागच्या वर्षी एका हॉलिडे क्लबची २५ वर्षांची मेंबरशिप घेतली होती, ती साडेपाच लाखाला विकून देतो म्हणून दिल्लीहून फोन आलाय, आधी फक्त २८ हजार प्रोसेसिंग भरायचं. ते पैसे हातात येईपर्यंत मिसेसचे तोडे आणि पाटल्या सोसायटीत ठेवून लोन काढावं म्हणालोय. तर पॅरिस करू की गोव्यातच चांगल्या ठिकाणी डिनर करून भागवू? आणि गोल्ड लोन बरं की क्रेडिट कार्डाचा ईएमआय?"

प्रश्न जेवणाचा आहे, त्याचं उत्तर शेवटी देतो की. पण तुम्ही मधेच एका ओळीत जे टाकून दिलंय ना, २८ हजारांचं, ते आधी. भरू नका. एक रुपयाही भरू नका, "रजिस्ट्रेशनचे दोन हजार तरी टाका" म्हणाले तरी नाही. तुम्ही ३ लाख ६० हजाराला घेतलेली मेंबरशिप, जिच्यात अजून एक रात्रही काढली नाही, ती कोण अनोळखी माणूस साडेपाच लाखाला कशाला घेईल, सांगा बघू? घेणारा खरोखर असता तर त्यानं स्वतःचं कमिशन त्या साडेपाच लाखातनं कापून घेतलं असतं, तुमच्याकडं आधी मागितलं नसतं. अशा फोनची पद्धत ठरलेली आहे: आधी प्रोसेसिंग, मग "जीएसटी भरा, परत मिळेल", मग "एनओसीचा खर्च", आणि एक दिवस नंबर बंद. मेंबरशिप घेऊन पस्तावलेल्या लोकांच्या याद्या फिरत असतात, तुमचं नाव त्यातच असणार. आणि या येणार नसलेल्या पैशावर तुम्ही वहिनींचे तोडे ठेवायला निघालाय. सव्वाचार लाखाच्या गोल्ड लोनवर वर्षाला बारा टक्के धरले तरी व्याजच ५० हजार, विक्री झालीच नाही तर ते फेडायचं कुठनं?

आता मूळ मेंबरशिपकडं येऊ. मी परत विचारल्यावर तुम्ही आकडे पाठवलेत ते बरं झालं. मॉलमध्ये गाडीच्या लकी ड्रॉचं कूपन भरलं, आठवड्यानं फोन, "अभिनंदन सर, तुम्हा दोघांना कँडललाइट डिनर फ्री, फक्त मॅडमना सोबत आणा". मॅडमना का, याचा कधी विचार केलात? एकटा माणूस असला की तो "घरी विचारून सांगतो" म्हणून सुटतो, दोघं समोर बसली की ती पळवाट बंद. हॉलमध्ये गोल टेबलं, कानठळ्या बसतील एवढं म्युझिक, दर दहा मिनिटांनी कुठल्यातरी टेबलावर कोणीतरी सही केली की टाळ्या आणि फुगा फोडणं. एक हिंदी बोलणारा पोरगा तुमच्याशी दोन तास गोड बोलणार, तुम्ही उठायला लागलात की "थांबा, मॅनेजरला विचारतो" म्हणून जाणार आणि मॅनेजर येऊन पाच लाखाची मेंबरशिप "फक्त आजच्यासाठी" ३ लाख ६० ला करणार. तुम्ही लिहिलंय की करार इंग्रजीत होता आणि वाचायला वेळ दिला नाही. वेळ देतच नाहीत, दिला तर कोण सही करेल? आणि एवढं सगळं होऊन जेवायला काय, तर पनीर बटर मसाला, जीरा राइस आणि दोन गुलाबजाम. मेणबत्ती होती म्हणे, इलेक्ट्रिकची.

त्या जेवणाचं बिल मांडू. ६० हजार तिथंच कार्डावर गेले. उरलेल्या ३ लाखाचा ईएमआय १०,५००, तीन वर्षं, म्हणजे ३ लाख ८० हजारांच्या आसपास. दोन्ही मिळून ४ लाख ४०. हा ईएमआय "क्लबचा हप्ता" नाही बरं का, एका फायनान्स कंपनीनं तुमच्या नावावर दिलेलं पर्सनल लोन आहे ते, दर सुमारे १६ टक्के पडतोय. त्याच्यावर वार्षिक मेंटेनन्स, १४ हजार अधिक जीएसटी, साडेसोळा हजार धरा. पहिलं वर्ष माफ होतं, दुसऱ्याचं बिल आलंय असं तुम्हीच म्हणताय. खोली वापरा नाहीतर न वापरा, हे येतच राहणार आणि वाढत राहणार. वर्षाला पाच टक्क्यांनी जरी वाढलं तरी उरलेल्या २४ वर्षांत सव्वासात लाखांच्या वर होतात. म्हणजे एकूण पावणेबारा लाखांच्या आसपास. मिळणार काय, वर्षाला ६ रात्री, २५ वर्षांत १५० रात्री, त्याही सगळ्याच्या सगळ्या वापरल्या तर. रात्रीला जवळजवळ ८ हजार पडले. जेवण वेगळं, प्रवास वेगळा, आणि मे महिन्यात, दिवाळीत, ख्रिसमसला मागाल तर "सर फुल आहे". याच्या निम्म्या पैशात तुम्हाला गोव्यात, गोकर्णात, आंबोलीत चांगली खोली फोनवर मिळते, कुठल्याही क्लबच्या परवानगीशिवाय.

"पण त्यात युरोपच्या चार रात्री आणि इंटरनॅशनल डिनर व्हाउचर आहे" असंही तुम्ही लिहिलंय. ते व्हाउचर काढून मागची बाजू वाचा, बारीक अक्षरातली. ४५ दिवस आधी कळवा, शनिवार-रविवार चालणार नाही, टॅक्स वेगळा, उपलब्धतेनुसार. आणि चार रात्रींना एक्स्चेंज फी. "उपलब्धतेनुसार" हा शब्द जिथं दिसेल तिथं शून्य धरायचं, मी तरी तसंच धरतो.

खरं तर हाच साडेदहा हजाराचा हप्ता सही करायच्या ऐवजी बँकेत सात टक्क्यांनी आरडीला लावला असता तर तीन वर्षांत ४ लाख २० हजार झाले असते. आकडा ओळखीचा वाटतोय ना? एजंटच्या पॅकेजचा आहे तो. फुकट जेवायला गेला नसतात तर पॅरिसचं जेवण झालं असतं, कर्ज न काढता.

झालं ते झालं, आता काय करायचं ते सांगतो. ईएमआय थांबवू नका. कितीही राग आला तरी. ते लोन तुमच्या नावावर आहे, दोन हप्ते चुकले की सिबिल बिघडतो आणि उद्या मुलीच्या शिक्षणाला लोन मागायला गेलात की तेच पुढं येतं. क्लबशी भांडण वेगळं ठेवा आणि ते लेखी ठेवा. फोन नको, ईमेल. त्या रात्री तोंडी काय काय सांगितलं होतं (वर्षभर कधीही, रीसेल व्हॅल्यू, मेंटेनन्स ऐच्छिक) आणि कागदावर काय आहे हे लिहून मेंबरशिप रद्द करून पैसे परत मागा. ब्रोशर, व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, कार्डाची स्लिप सगळं जपून ठेवा. बऱ्याच करारांत सुरुवातीच्या दहाएक दिवसांत रद्द करायची सोय असते, तुमची ती वेळ केव्हाच गेली, तरी कलम शोधा. उत्तर नाही आलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. बेळगावातच आहे. २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता तिथंच तक्रार करता येते, करारात "लवाद दिल्लीत" असं छापलेलं असलं तरी ग्राहक आयोगाचा रस्ता बंद होत नाही. ५ लाखापर्यंतच्या व्यवहाराला फीसुद्धा नाही. फक्त मुदत दोन वर्षांची आहे आणि तुमचे चौदा महिने संपलेत, तेव्हा "बघू पुढच्या महिन्यात" करू नका. सगळे पैसे परत येतील असं मी म्हणत नाही, पण मेंटेनन्सचं ओझं सुटलं तरी तेच सव्वासात लाख आहेत.

दुसरं, हप्त्यांतलं मुद्दल अजून २ लाखाच्या घरात बाकी आहे. तुमची बँकेत ३ लाखाची एफडी आहे, सात टक्क्याला. एकीकडं सात मिळवायचे आणि दुसरीकडं सोळा भरायचे, हा काय हिशोब झाला? प्रीपेमेंटला दंड किती ते आधी विचारा, फार नसेल तर १ लाख मोडून लोनमध्ये भरा, हप्ता तोच ठेवा, दहा-अकरा महिन्यांत लोन संपतं. उरलेले २ लाख अडीअडचणीला राहू देत, त्याला हात लावायचा नाही, पॅरिससाठी तर नाहीच.

आणि तुम्ही विचारलेलं नाही ते अजून एक. टर्म इन्शुरन्स (मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना पैसे मिळतात तो साधा विमा) नाही म्हणालात, "एलआयसीच्या दोन पॉलिसी आहेत, मिळून ४ लाखाच्या". वर्षाला तुमच्याच हातात सात लाख येतात, उद्या तुम्हाला काही झालं तर ४ लाखात घर किती महिने चालेल? तुमच्या वयाला, विडी-सिगरेट नसेल तर, १ कोटीचं साधं टर्म कव्हर १६-१८ हजारांत मिळावं, सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. म्हणजे न वापरलेल्या खोलीच्या मेंटेनन्सला जेवढे मागतायत तेवढेच पैसे. पैसे परत मिळणारी पॉलिसी कोणी गळ्यात मारायला लागलं तर नको म्हणा, पुन्हा तोच हॉल, फक्त टेबल दुसरं.

आता जेवण. येत्या मे महिन्यात पॅरिस नाही. गोवा करा, आणि मनापासून करा. चोर्ला घाट उतरून जायचं, दोन रात्री, पेट्रोल, खोली आणि एक छानसं डिनर धरून २५ हजारांत बसवा, तेही महिन्याला पाच हजार बाजूला काढून. एक लक्षात ठेवा, ज्या हॉटेलात खोलीचं भाडं साडेसात हजारांच्या वर जातं तिथल्या रेस्टॉरंटात जेवणावर जीएसटी १८ टक्के लागतो, बाहेरच्या साध्या रेस्टॉरंटात ५. समुद्र दोन्हीकडनं सारखाच दिसतो. आणि बिलात सर्व्हिस चार्ज लावला असेल तर काढायला सांगा, तो सक्तीचा नाही, मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानंही तेच सांगितलंय. वेटरला द्यायचं ते हातात द्या.

पॅरिस लग्नाच्या १५ व्या वाढदिवसाला. लोन संपलं की तोच साडेदहा हजार आरडीत वळवा, तोवर पाच लाखाच्या आसपास जमतात. एजंटच्या पॅकेजशिवाय माझा अंदाज असा: युरो शंभर रुपये धरला तर मुंबईहून दोघांचं विमान १ लाख ३०, व्हिसा-इन्शुरन्स २५ हजार (व्हिसाची नुसती फीच माणशी ९० युरो आहे), सहा रात्री हॉटेल ९०, खाणंपिणं, मेट्रो, म्युझियम ७०. झाले ३ लाख १५ हजार. टॉवरच्या दुसऱ्या मजल्यावरच्या ले ज्यूल व्हर्नला रात्री दोघं जेवलात तर वाइन-बिइन धरून ६० ते ७० हजार वेगळे. एकूण ४ लाखांच्या आत. दुपारी जेवलात तर बरंच स्वस्त पडतं, पहिल्या मजल्यावर मादाम ब्रासरी आहे तिथं आणखी कमी. तसंही मे महिन्याच्या शेवटी पॅरिसात सूर्य रात्री साडेनऊनंतर मावळतो, तेव्हा आठच्या टेबलाला कँडललाइट शोधाल तर समोर लख्ख ऊन. आणि टॉवरवर बसलं की आख्खं पॅरिस दिसतं, फक्त टॉवर दिसत नाही! वहिनींना रीलमधला तो झगमगणारा टॉवर बघायचा असेल तर जेवण टॉवरवर दुपारी करा आणि रात्री नदीकाठी पाव-चीज घेऊन बसा, अंधार पडल्यावर दर तासाला पाच मिनिटं दिवे लुकलुकतात, त्याला तिकीट नाही. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच कळवा, ऐनवेळी सांगून फार काही मिळत नाही. पाणी साधं मागितलंत तर फुकट देतात, बाटली मागू नका. टिपचा ताण घेऊ नका, तिकडं सर्व्हिस किमतीतच धरलेली असते. आणि कार्ड देताना मशीन "रुपये की युरो" विचारतं, तिथं युरो दाबा, रुपये दाबलेत की त्यांच्या मर्जीचा रेट लागतो. त्यातनं साध्या क्रेडिट कार्डावर साडेतीन टक्के मार्कअप आणि त्यावर जीएसटी असतोच, ७० हजारांच्या बिलावर २,९०० रुपये. फॉरेक्स कार्ड (आधीच युरो भरून ठेवलेलं कार्ड) घेऊन जा.

गोल्ड लोन की कार्डाचा ईएमआय, याचं उत्तर: दोन्ही नको. तोडे आणि पाटल्या घालून वहिनी गोव्याला जाऊ देत.

त्या दिल्लीवाल्याचा नंबर आज रात्रीच ब्लॉक करा आणि कराराची सगळी पानं स्कॅन करून पाठवा, मागची छापील कलमं धरून. मेंटेनन्सचं बिल भरायचं की नाही ते कलम बघूनच सांगतो, तोवर भरू नका आणि फोनवर कुणाला "भरतो" असं म्हणूही नका.