हाताने बनवलेल्या अकूस्टिक गिटारला मागे आणि कडांना शिसव घ्यावं की महोगनी? आवाजात खरंच फरक पडतो का?

पडतो, पण तुम्ही समजताय त्याच्या पाव हिस्साही नाही. पैसे टॉपवर घाला, म्हणजे तारांखालच्या दर्शनी पाटीवर. सॉलिड (प्लाय नव्हे, अखंड लाकूड) स्प्रूस, म्हणजे सूचिपर्णी झाडाचं हलकं लाकूड, सरळ रेषांचा, आणि टॉप किती तासायचा हे कळणारा कारागीर. बाकीचं नंतर.

हा वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही, म्हणून लिहितोय. माझे मामा साताऱ्याचे, आयुष्य सुतारकामात गेलं. वाडा पाडला तेव्हा आजोबांचा शिसवी पलंग त्यांनी मोडला आणि फळ्या मला गिटारसाठी दिल्या. अट एकच, सगळ्यात देखणी फळी दर्शनी लावायची. मी ती पाठीला लावली आणि टॉप स्प्रूसचा केला. गिटार हातात घेऊन मामा चारचौघांत म्हणाले, "तोंडावर खोक्याचं लाकूड लावलंस आणि शिसव पाठीमागे लपवलंस!" लग्नकार्यात भेटले की आजही हेच.

मामा, पलंगाला वजन पेलायचं असतं, टॉपला थरथरायचं असतं. स्टीलच्या सहा तारा मिळून ७० किलोच्या आसपास ओढतात. अडीच-तीन मिलिमीटरच्या पाटीने तो ताण सोसायचा आणि तरी मोकळं हलायचं. त्यासाठी हलकं आणि तरी ताठ लाकूड लागतं. शिसव स्प्रूसच्या जवळजवळ दुप्पट जड, त्याला हलवण्यातच तारांचा जोर संपतो.

स्पेनचा गिटार-कारागीर आंतोनियो दे तोरेस याने १८६२ मध्ये पाठ आणि कडा चक्क पुठ्ठ्याच्या केल्या, टॉप मात्र स्प्रूसचाच ठेवला. २०१८ मध्ये लँकेस्टर विद्यापीठाने फक्त पाठ-कडांचं लाकूड वेगळं असलेल्या सहा गिटारी ५२ वादकांना अंधुक उजेडात, वेल्डिंगचे गॉगल घालून वाजवायला दिल्या. नावाजलेल्या ब्राझिलियन शिसवाला इतरांपेक्षा खास वरचे गुण काही मिळाले नाहीत. हे मामांना सांगितलं तर म्हणाले, "मग पुठ्ठ्याचीच करायची होतीस, माझा पलंग कशाला नेलास?"

कारण जुनं मुरलेलं शिसव पावसाळ्यात कमी फुगतं, गरम करून वाकवलं की आकार धरतं आणि दिसतंही सुंदर. एवढं पुरेसं आहे. ब्राझिलियनसाठी जास्तीचे पैसे अजिबात देऊ नका. १९९२ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक निर्बंध आहेत. मार्टिनसारख्या अमेरिकी गिटार कंपनीनेही १९६९ मध्ये ते सोडून आपल्या दक्षिणेतलं शिसव धरलं. ते दुय्यम म्हणणाऱ्याशी मी वाद घालत बसत नाही, माझी गिटार हातात देतो.

हो, महोगनी हलकी असते. उभं राहून गाणार असाल तर खुशाल घ्या. आणि कोकणात राहत असाल तर सॉलिड टॉप पावसाळ्यात फुगतो, तारा वर उचलल्या जातात. गिटारच्या पेटीत आर्द्रता ४५ ते ५० टक्के राखणं जमणार नसेल, तर प्लायच्या टॉपची साधी गिटार घ्या.