युगांडातला हापसा

प्रश्न: माझा मुलगा कंपालात नोकरीला आहे. त्याने व मित्रांनी वर्गणी काढून लुवेरोकडच्या एका गावाला बोअर मारून दिली. जानेवारीत आम्ही तिकडे जाणार आहोत. गावातल्या मुलांसाठी खाऊ, कपडे न्यावेत का? आणि तिथे नेमकं काय बघावं?
– एक वाचिका, सातारा

उत्तर: ताई, जरूर जा, पण उजाडताना पोहोचा. ऊन चढल्यावर नुसता पंप दिसेल, गाव दिसणार नाही.

मी जिल्हा परिषदेच्या हातपंप दुरुस्ती पथकात सव्वीस वर्षं काढली. भाचीकडे कंपालाला गेलो, तेव्हा लुवेरोकडच्याच एका गावात जाणं झालं. पंप पाहिला आणि पाय थबकले. अहो, आपलाच हापसा! इंडिया मार्क टू. 1970च्या दशकात तो घडला आपल्या सोलापूर पंपावरून, आणि त्याच्याही आधी जालन्याला मिशनच्या वर्कशॉपात असे पंप होत होते. युगांडात त्याला यू-टू म्हणतात, गावकऱ्यांच्या तोंडी मात्र ‘नायिकोंडो’.

वीस लिटरच्या पिवळ्या कॅनांची रांग लागली होती. झाकण हरवलेल्या एका कॅनच्या तोंडात कच्चं केळं खुपसलेलं. नऊ-दहा वर्षांची एक मुलगी दांड्याला लोंबकळून हापसत होती. मी मोजलं, कॅन भरायला चौसष्ट हापसे लागले. मग तिने केळीच्या सोपट्याची चुंबळ डोक्यावर ठेवली, आईने कॅन चढवून दिला आणि ती चालू लागली.

तिथल्या मेकॅनिकने माझ्यासाठी पंपाच्या डोक्याचं झाकण उघडलं. दांड्याला आतल्या सळईशी जोडणारी चेन कोरडी ठाक, बोटाला तांबडा गंज लागला. ग्रीसचा डबा संपून कितीतरी दिवस झाले होते. ते बघून माझा जीव तुटला. मार्क टूचा खालचा वॉशर बदलायचा तर सगळे पाइप वर ओढावे लागतात, चार-पाच माणसं आणि पाइप खोलायचे जड पाने लागतात. तेवढे पैसे जमेपर्यंत गाव पुन्हा डबक्यावर जातं.

म्हणून तुम्ही पाणी समितीतल्या बायकांजवळ बसा. दर घरामागे किती पैसे जमतात, हिशेब कोण ठेवतं, मेकॅनिक किती लांब राहतो, सुटे भाग कुठून आणतात, हे विचारा. पाइप कसले घातलेत तेही विचारा. युगांडात बऱ्याच ठिकाणी जमिनीतलं पाणी आम्लधर्मी आहे. त्यात गॅल्व्हनाइज्ड पाइप गंजतात, पाणी तांबूस येतं, कपड्यांना डाग पडतात आणि लोक ते पाणी सोडून देतात. पहिल्या धारेचं पाणी पांढऱ्या भांड्यात धरून बघा.

खाऊ वाटू नका. पोरं रांग सोडून तुमच्यामागे धावतील आणि घरी पाणी उशिरा पोहोचेल. कपडेही राहू द्या. काही न्यायचंच असेल तर मुलाला आधी मेकॅनिकशी बोलायला सांगा आणि तो सांगेल तेच वॉशर, ग्रीस कंपालातून घेऊन जा. समितीच्या हाती द्या. फोटो विचारूनच काढा. तिकडच्या लुगांडा भाषेत ‘वासुझे ओत्या, न्याबो’ म्हणजे ‘रात्र बरी गेली ना, बाई’. एवढं पाठ करून गेलात तरी बाया हसून जवळ घेतील. मग थोडा वेळ दांडा तुम्ही धरा.

आणि मुलाला माझा निरोप द्या: पुढच्या वर्षीही वर्गणी काढा, याच बोअरच्या दुरुस्तीसाठी.