डब्ल्यूडब्ल्यूएफमधला (आजच्या डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कुस्ती-कंपनीतला) डॅनी डेव्हिस रेफरी होता की पैलवान?

दोन्ही. आधी मुखवटा घालून ‘मिस्टर एक्स’ नावानं लढायचा आणि रेफरीगिरीही करायचा. पण गाजला तो लबाड पंच म्हणून. १९८६ला बॉस्टनमधल्या लढतीत रँडी सॅव्हेजनं लपवलेल्या वस्तूनं टिटो सँटानाला हाणलं, पंच डेव्हिससाहेबांना दिसलंच नाही! जानेवारी १९८७मध्ये ब्रिटिश बुलडॉग्ज या जोडीचा टॅग टीम (जोडीच्या कुस्तीचा) किताबही त्याच्याच ‘कृपेनं’ हार्ट फाउंडेशन या जोडीकडे गेला. मग कुस्तीच्या रचलेल्या कथेनुसार पंच म्हणून आजन्म बंदी, आणि स्वारी थेट आखाड्यात. रेसलमेनिया ३ या कंपनीच्या मोठ्या कार्यक्रमात हार्ट फाउंडेशनचा मॅनेजर जिमी हार्टचा भोंगा बुलडॉग्जपैकी डेव्ही बॉय स्मिथच्या डोक्यात घालून यानंच त्याला चीतपट केलं. अंगकाठी बेताची, कुस्तीही तशीच. पण लोक मनापासून शिव्या घालायचे. पुढे ‘आजन्म’ बंदी विसरून पुन्हा पंचाचा शर्ट चढवलाच.