डायव्हर, गाभोळी आणि वाहतं पाणी : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या नद्यांत सॅल्मन आणि स्टीलहेड कसे धरतात यावर थोडं लिहिलं होतं, तर निपाणी, खानापूर, हुक्केरी, चिकोडी सगळीकडनं पत्रं आली. आपल्या भागातली बरीच पोरं तिकडं नोकरीला आहेत म्हणून असेल, पण प्रश्न एकदम कामाचे आलेत. ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, सॅल्मन हा समुद्रात वाढून अंडी घालायला नदीत चढणारा मासा, आणि स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाऊन मोठा होऊन परत नदीत येणारा रेनबो ट्राउट.

प्रश्न (निपाणी) : दादा, भाचा पोर्टलंडला असतो, सप्टेंबरात आम्ही दोघं तिकडं निघालोय. त्यानं होडी आणि गाईड बुक केलाय आणि फोनवर सांगतोय की मामा, डायव्हर लावून गाभोळी सोडायची. मी लहानपणापासनं वेदगंगेवर गळ टाकतोय, शिसं माहीत, तरंगा माहीत, हा डायव्हर काय प्रकार आणि बांधायचा कसा तेवढं नीट सांगा की.

उत्तर : शिसं वजनानं खाली जातं आणि डायव्हर पाण्याच्या जोरानं खाली जातो, फरक एवढाच, पण सगळं त्यातच आलं बघा. प्लॅस्टिकचा बोटभर-दोन बोटं लांब तुकडा असतो, पुढच्या बाजूला तिरका चपटा ओठ. दोरी ताणलेली असली की प्रवाह त्या ओठावर दाबतो आणि डायव्हर तळाकडं जातो, उलटा पतंगच म्हणा, पतंग वाऱ्यावर वर चढतो आणि हा पाण्यात खाली उतरतो. दोरी सैल पडली की हलका असल्यानं आपोआप वर येतो, म्हणून दगडाधोंड्याच्या पात्रात शिशापेक्षा खूप कमी अडकतो. तिकडं लुहर जेन्सन कंपनीचा जेट डायव्हर फार चालतो, त्याच्यावर १०, २०, ३० असे नंबर असतात, साधारण किती फूट खाली जाणार त्याचा तो आकडा. नदीत वल्ह्याच्या होडीतनं १० नाहीतर २० पुरतो.

आता बांधणी. रॉडवरची मुख्य दोरी ३० ते ५० पाउंडाची, म्हणजे तेवढा ताण सोसणारी, ब्रेडेड म्हणजे विणलेली. तिच्यात आधी स्लायडर ओवायचा, म्हणजे दोरीवर मागंपुढं सरकणारी बारकी नळी, तिला खाली क्लिप असते. मग एक मणी, आणि मग दोरीच्या टोकाला बॅरल स्विव्हल, म्हणजे दोन कड्यांचा फिरता जोड. मणी बारका दिसतो म्हणून सोडू नका, तो नसला तर स्लायडर गाठीवर आपटत राहतो, गाठ झिजते आणि बरोबर मोठा मासा लागल्यावरच सुटते. स्लायडरच्या क्लिपला डायव्हर थेट अडकवतात, नाहीतर वीतभर हलक्या दोरीवर लावतात. मी हलक्या दोरीच्या बाजूचा आहे, डायव्हर कपारीत बसला तर तेवढाच तुटतो, बाकी सगळं हातात राहतं.

स्विव्हलच्या दुसऱ्या कडीला लीडर, म्हणजे आपल्या भाषेत तंगूस, ४ ते ५ फूट. स्टीलहेडला १२ ते १५ पाउंडाचा आणि मोठ्या चिनूक सॅल्मनला २५ ते ३० पाउंडाचा घ्या. गळ स्टीलहेडला १/० किंवा २/० नंबरचा, चिनूकला त्याहून मोठा, ४/० किंवा ५/०. गळाच्या वर एक तरंगणारा रंगीत गोळा ओवतात, त्याला कॉर्की म्हणतात, किंवा पंखांचा फिरणारा स्पिन-एन-ग्लो, त्यानं आमिष तळाला घासत नाही, जरा वर राहतं. लीडर लांब केला तर जास्त मासे लागतील असं वाटतं पण तसं होत नाही, संथ पाण्यात आमिष लोंबकळतं आणि शेवटी मासा जाळीत घेताना स्विव्हल रॉडच्या टोकाच्या कडीला येऊन थांबतो, मासा मात्र अजून तेवढाच लांब पाण्यात धडपडतोय.

सोडण्याआधी होडीच्या कडेलाच पाण्यात धरून बघायचं, डायव्हर सरळ खाली जातोय का. एका अंगाला पळत असेल तर लगेच गाईडला दाखवा, तसाच सोडला तर शेजाऱ्याच्या दोरीत जाऊन गुंता करतो.

आणि हे सगळं बरोबर बांधलं तरी अर्धं काम वल्हेवाल्याचं आहे. होडीचं तोंड खालच्या अंगाला, तो प्रवाहाविरुद्ध वल्ही मारत राहतो, पण होडी वर न्यायची नसते, पाणी जेवढ्या वेगानं वाहतंय त्यापेक्षा हळू खाली सरकू द्यायची. दोऱ्या होडीच्या खालच्या अंगाला ४० ते ६० फूट सोडलेल्या असतात आणि सगळ्यांच्या सारख्याच लांबीच्या, म्हणून रीलवर दोरी मोजणारा काउंटर असला तर बरं. असे तीन-चार डायव्हर एका रांगेत थरथरत हळूहळू खाली येतात, पुढं मासा थांबलेला असतो, त्याच्या तोंडासमोर आमिष येऊन उभं राहतं, आता त्यानं मागं सरायचं नाहीतर तोंड मारायचं. रॉडचं टोक एकसारखं थरथरत असलं म्हणजे डायव्हर चालू आहे. थरथर थांबली तर काडीकचरा अडकलाय, ओढून साफ करायचं.

प्रश्न (खानापूर, कॉलेजची विद्यार्थिनी) : सर, तुम्ही लिहिलंत की सॅल्मन समुद्रातनं नदीत शिरला की खाणं सोडतो. मग आमिष लावायचंच कशाला? खात नाही तर गळाला लागतो कसा?

उत्तर : ताई, अगदी मुद्द्याचं विचारलंत. पॅसिफिकचा सॅल्मन नदीत आला की त्याची पचनाची आतडी आक्रसायला लागतात, अंगातल्या चरबीवर तो वर चढतो, अंडी घालतो आणि मरतो. स्टीलहेडचं तसं नाही, त्यातले काही परत समुद्रात जातात आणि पुन्हा येतात. पण पोट बंद झालं तरी नाक बंद होत नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठातले आर्थर हॅस्लर यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिलं की सॅल्मन आपल्या जन्माचा ओढा वासावरनं ओळखतो, म्हणजे जो मासा वासाच्या जोरावर शेकडो मैल चढून बरोबर घरी पोचतो त्याच्यासमोर वासाचं काहीतरी आलं तर तो दखल घेणारच. त्यात तो आपल्या जागेवर ठाण मांडून असतो, समोर काही आलं की चिडून, सवयीनं तोंड मारतो. माशाला हात नाहीत, काही तपासायचं तर तोंडातच घ्यावं लागतं.

म्हणूनच वेग इतका महत्त्वाचा. भुकेला मासा आमिषामागं पळत येतो, हा येणार नाही. हा एका जागी थांबलेला असतो आणि आमिष त्याच्यापुढं पुरेसा वेळ टिकलं तरच काम होतं. डायव्हर नेमकं हेच करतो, आमिषाला प्रवाहात धरून ठेवतो. तुमच्याकडं मलप्रभेला पहिल्या पुरात चढणीचे मासे येतात ते बघितलं असणारच, त्यांचीही त्या दिवसांत ओढ खाण्याकडं नसते, वर जाण्याकडं असते.

प्रश्न (बेळगाव, शहापूर) : गाभोळी एवढी मऊ, गळावर टिकते कशी? आमच्यात तर ती तव्यावर टाकली तरी फुटते.

उत्तर : दोन गोष्टींनी टिकते, एक मुरवणं आणि दुसरी गाठ.

मुरवण्यासाठी मासा धरल्याबरोबर रक्त काढून टाकतात, गाभोळीच्या शिरांतलं रक्त राहिलं तर ती लवकर नासते. मग पडद्यासकट तुकडे करून मीठ, साखर आणि बोरॅक्स (टाकणखार) यांचं मिश्रण लावून पिशवीत बंद करून फ्रिजमध्ये ठेवतात. आधी पाणी सुटतं, मग तेच पाणी अंडी परत शोषून घेतात, नंतर कागदावर पसरून जरा सुकवायचं. दाणा बोटानं दाबला तर लगेच फुटू नये पण दगडही होऊ नये. ही गाभोळी खायची नव्हे बरं का, घरात ठेवली असेल तर डब्यावर तसं लिहून ठेवा.

गाठ म्हणजे एग लूप. तंगूस गळाच्या डोळ्यातनं घालून दांड्यावर घट्ट वेढे द्यायचे, मग दुसरं टोक परत डोळ्यातनं आणून आणखी वेढे. दोन्ही वेढे जागच्या जागी राहतात, आणि डोळ्याकडनं तंगूस जरा आत ढकलला की मध्ये फासा उघडतो. त्या फाशात गाभोळीचा अंगठ्याएवढा तुकडा, पडद्याची बाजू फाशाखाली येईल असा ठेवायचा आणि लीडर ओढला की फासा आवळतो. पडदा धरला जातो, दाणे मोकळे लोंबतात आणि पाण्यात त्यांचा रस सुटत राहतो. दर थोड्या वेळानं बदला, दाणे पांढरे पडले म्हणजे रस संपला. काहीजण सोबत कोळंबीही लावतात, तेही चांगलं चालतं.

एक फार महत्त्वाचं. कॅनडात १९५० च्या दशकात बघितलं गेलं की माणसाचा हात धुतलेलं पाणी वरनं सोडलं तरी चढणारा सॅल्मन दचकून मागं फिरतो, त्याला कारण कातडीतलं सेरीन नावाचं द्रव्य. म्हणून आमिष हाताळताना पातळ रबरी हातमोजे घालतात. निपाणीच्या मामांनी हे खास लक्षात ठेवावं, तंबाखू मळलेल्या बोटांनी गाभोळीला हात लावू नका, सनस्क्रीन आणि पेट्रोलचंही तसंच.

प्रश्न (चिकोडी) : मुलगा तिकडनं व्हिडिओ पाठवतो, रॉड वाकतो, हा उडी मारून उचलतो आणि मासा गेलेला. दरवेळी हेच. काय चुकतंय?

उत्तर : लवकर उचलतोय. आपण गळावर टिचकी लागली की झटका देतो, आपल्या माशांना ते बरोबर आहे, पण इथं मासा आधी आमिष चघळतो. रॉड होल्डरमध्येच राहू द्यायचा, टोक दोन-तीनदा टकटक करेल, करू द्या, हात मांडीवर ठेवा. मासा आमिष घेऊन वळतो तेव्हा डायव्हरचा आणि दोरीचा ताण पडूनच गळ बसतो. रॉड पार पाण्याकडं वाकून तसाच राहिला की मगच उचलायचा, आणि झटका न देता नुसता ताण धरायचा. आणि गळाचं टोक नखावर घासून बघायला सांगा, घसरलं तर बोथट आहे, तिथंच धार लावा.

प्रश्न (हुक्केरी) : हे डायव्हर आपल्या हिडकलला किंवा घटप्रभेत चालतील काय? ऑनलाइन मिळतात म्हणे.

उत्तर : हिडकलच्या साठ्यात उपयोग नाही, तिथं पाणी उभं असतं, प्रवाह नाही तर ओठावर दाब नाही. इंजिनच्या होडीतनं ओढत नेला तर खाली जाईल, पण आपले रोहू, मृगळ, कटला असल्या आमिषामागं पळणारे मासे नव्हेत, त्यांना कणकेचा गोळाच बरा. मरळ तर काठच्या गवतात असतो, तिथं डायव्हर फक्त अडकेल. वाहत्या पात्रात, म्हणजे बंधाऱ्याच्या खाली पावसाळा ओसरल्यावर पाणी निवळतं तेव्हा, तत्त्व लागू पडतं. पण काठावरनं साधा डायव्हर सोडला तर दोरी काठालाच येऊन चिकटते, त्यासाठी साइड प्लेनर नावाचा वेगळा प्रकार मिळतो, तो दोरी आडवी पात्रात नेतो.

आणि दोन गोष्टी मनापासनं सांगतो. जून-जुलैच्या चढणीला गाभोळीनं भरलेली मादी लागली तर सोडा, आमिषासाठी गाभोळी हवी म्हणून तर अजिबात मारू नका. ओरेगनमध्ये, म्हणजे पोर्टलंड ज्या राज्यात आहे तिथं, वापरतात ती बरीचशी हॅचरीत, म्हणजे माशांच्या पैदास केंद्रात, वाढवून नदीत सोडलेल्या माशांची असते, आपल्या नदीत तसं पुरवणारं कोणी नाही. दुसरं, महाशीर लागला तर पाण्यातच गळ काढून सोडून द्या. हा दख्खनचा महाशीर कर्नल साइक्सनं १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतनं नोंदवला, तिथं आज तो शोधावा लागतो, लोणावळ्याला टाटांच्या हॅचरीत त्याची पिल्लं वाढवून नद्यांत सोडायची वेळ आली. घटप्रभेच्या, मलप्रभेच्या वरच्या डोहांत जो असेल तो आपण जपायचा. धरणात गळ टाकण्याआधी मत्स्यखात्याकडं परवान्याची चौकशीही करून घ्या.

प्रश्न (निपाणी, तेच मामा, दुसरं पत्र) : मासा धरला तर घरी आणता येतो काय? भाचा म्हणतोय, पर बघून ठरवायचं.

उत्तर : बरोबर सांगतोय. पाठीवरच्या मोठ्या परामागं, शेपटीच्या अलीकडं एक बारका मांसल पर असतो. हॅचरीतल्या पिल्लांचा तो कापून मगच नदीत सोडतात, म्हणून तिथं भरून आलेली गुळगुळीत जागा दिसली तर मासा हॅचरीचा, तो ठेवता येतो. पर शाबूत असेल तर जंगली, आणि बऱ्याच ठिकाणी तो सोडावाच लागतो. सोडायचा मासा पाण्याच्या बाहेर पूर्ण उचलू नका, वॉशिंग्टन राज्यात तर तसा नियमच आहे, हात ओले करून धरा, कल्ल्यांत बोटं घालू नका, फोटो पाण्यात धरूनच काढा. काही पट्ट्यांत आमिषालाच बंदी असते, काही ठिकाणी टोकामागं उलटा काटा नसलेलाच गळ चालतो, आणि हे नदीगणिक, महिन्यागणिक बदलतं, तेव्हा क्लॅकमस असो की सँडी, जायच्या आदल्या दिवशी त्या नदीचे नियम परत बघायचे. ओरेगनमध्ये लायसन्स तर लागतंच, वर सॅल्मन-स्टीलहेडसाठी वेगळा टॅगही लागतो, ठेवलेला मासा लगेच त्यावर नोंदवायचा असतो. दोन्ही ऑनलाइन मिळतात, भाच्याला तुमच्या नावानं आधीच काढून ठेवायला सांगा.