पोरगा मुख्यमंत्री झाला अन् शाळेतच जाईना

जुलैत शाळांमध्ये मंत्रिमंडळाच्या निवडणुका होतात आणि ऑगस्ट सरत आला की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो, "मॅडम, लेकराला शाळेत पद मिळालं अन् तेव्हापासून लेकरूच बदललं. पद सोडायला लावू का?" त्याला उत्तर म्हणून एका मुलाची गोष्ट सांगते. मुलाची आणि त्याच्या आईची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा, नववीतला मुलगा. शाळेत मोबाइलवर मतदान झालं, बोटाला शाई लागली, निकालाला गुलाल उधळला. हा शाळेचा मुख्यमंत्री. घरी पेढे वाटले. पुढच्या तीन आठवड्यांत रोज सकाळी त्याचं पोट दुखायला लागलं. डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. रविवारी पोट दुखायचं नाही. पोळ्यालाही दुखलं नाही. वडिलांनी "नाटकं करायलाय" म्हणून निकाल लावला.

ते नाटक नव्हतं. मनावर ताण आला की आतड्यांची हालचाल खरंच बिघडते, कळ खरीच येते. तपासणीत काही निघालं नाही म्हणजे मूल खोटं बोलतं, असं धरून चालू नका. तेवढ्या एका शब्दानं मूल पुढचं सांगायचं बंद होतं.

आई त्याला माझ्याकडे घेऊन आली. तिला बाहेर बसवलं. पोटाचं काहीच विचारलं नाही. म्हटलं, "मुख्यमंत्री सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय काय करतो, ते सांग." परिपाठाला सावधान-विश्राम देतो, प्रतिज्ञा सांगतो, म्हणाला. मग शर्टाच्या खिशातून एक छोटी डायरी काढली. ऑफ तासाला जो बोलेल त्याचं नाव लिहायचं, पुन्हा बोलला की नावापुढं रेघ ओढायची, शाळा सुटायच्या आधी डायरी सरांच्या टेबलावर. एका नावापुढं सात रेघा होत्या. पेन इतकं दाबून ओढलं होतं की मागच्या पानावर वळ उठले होते.

"हा कोण?"

"दोस्त आहे माझा." थोडं थांबून म्हणाला, "होता. आता कुणीच बोलंना मॅडम. डबा एकटाच खायलो. चुगलखोर म्हणायलेत."

मला यात मुलाचं काही चुकलेलं दिसत नाही. पोरांनी मतं दिली ती आपलं म्हणणं सरांपर्यंत न्यायला. शाळेनं त्याच्या हाती काम दिलं ते सरांचा धाक पोरांपर्यंत आणायचं. चौदा वर्षांच्या मुलाला मित्र म्हणजे जीव की प्राण असतात, आणि आपण त्याला बिल्ला लावून रोज त्यांच्याच पाठीवर छडी बसवायला लावतो. हे मला अन्यायाचं वाटतं, आणि ते मी शाळांमध्ये जाऊन स्पष्ट बोलते.

त्याला विचारलं, "मतं मागताना काय कबूल केलं होतंस?" तो पहिल्यांदा नीट वर बघून बोलला. शाळेत सहा नळ, त्यातले दोनच चालू. मधल्या सुट्टीत मोठी पोरं पुढं घुसतात, मुली पाण्याविनाच वर्गात जातात. नळ चालू करून घेईन, असं तो वर्गावर्गात सांगून आला होता. निवडून आल्यावर त्याला ते कुणी विचारलंच नाही.

त्याच्यावर १७ सप्टेंबरचं, मुक्तिसंग्राम दिनाचं भाषणही होतं. पाठ करत होता. त्यात १९३८ च्या वंदे मातरम् आंदोलनाचा उल्लेख होता: औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या मुलांनी बंदी असताना वसतिगृहात वंदे मातरम् म्हटलं, त्यांना काढून टाकलं, मग नागपूर विद्यापीठानं प्रवेश दिला. मी म्हटलं, "त्या वसतिगृहात गाणाऱ्यांची नावं लिहायचं काम तुला दिलं असतं तर?" बराच वेळ तो डायरीची कड नखानं खरवडत राहिला. "नसती लिहिली," म्हणाला.

मग आम्ही दोघांनी फरक पाडून घेतला. ऑफ तासाची गडबड लिहायची नाही. पण कुणी कुणाला मारतंय, पैसे मागतंय, मुलींना त्रास देतंय, तर ते सरांना किंवा मॅडमना सांगायचंच. ती चुगली नव्हे. स्वतःच्या तोंडून सांगायची भीती वाटली तर शाळेतली तक्रारपेटी त्यासाठीच असते. हे सरांसमोर कसं बोलायचं, ते त्यानं माझ्यासमोर चार वेळा बोलून पाहिलं. पहिल्या वेळी आवाजच फुटेना.

त्याला विचारूनच मी वर्गशिक्षकांना भेटले. काय सांगू, काय नको, तेही त्यानंच ठरवलं. सर मनानं वाईट नव्हते. वर्गात साठच्या वर पोरं, दोन शिक्षकांच्या जागा रिकाम्या. "नावं नाही लिहिली तर वर्ग डोक्यावर घेतील," म्हणाले. शेवटी महिनाभर डायरी बंद ठेवून ऑफ तासाला फळ्यावर गणितं लिहून द्यायचं कबूल केलं.

आई-वडिलांनाही दोनच गोष्टी सांगितल्या. पोट दुखलं तरी शाळा पूर्ण बुडवू नका, सुरुवातीला मधल्या सुट्टीपर्यंत बसला तरी चालेल. घरी राहिलेला प्रत्येक दिवस दुसऱ्या दिवशीची भीती वाढवतो. आणि राजीनाम्याची घाई नको. आधी काम बदलून बघू. शाळा काम बदलायला तयारच नसेल तर खुशाल पद सोडू द्या, त्यात कमीपणा नाही. झोप उडाली, जेवण तुटलं, जीव नकोसा झाल्याचं मूल बोललं, तर मात्र वाट बघू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतो.

ऑक्टोबरात तो पुन्हा आला. नळ चार चालू झाले होते. दोन मुलं अजून बोलत नव्हती, सकाळी कधीकधी पोटही दुखायचं. डायरी खिशात होतीच. नावांची पानं त्यानं फाडली नव्हती, स्टेपलर मारून बंद केली होती. पुढच्या पानावर टाकीची मापं होती, लांबी, रुंदी, खोली. अक्षर त्याचं नव्हतं.

"हे कुणी लिहिलं?"

"टेप मी धरला होता," तो म्हणाला. "लिहिलं त्यानं. सात रेघावाल्यानं."