उनपदेवजवळ सात एकर शेत आहे, गरम पाण्यावर वेलनेस रिसॉर्ट चालेल का?

भाऊ, चालेल, पण बारमाही रिसॉर्ट म्हणून नाही, हिवाळ्यातलं स्नानाचं ठिकाण म्हणून. उनपदेव म्हणजे जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात गोमुखातून वाहणारा गरम पाण्याचा झरा. तुम्ही विचारलंय की जवळच्या अडावद गावाकडच्या शेतात खोल बोअर मारून गरम पाणी काढावं आणि त्यावर खोल्या, मसाज, मोठा स्विमिंग पूल उभारावा का. मी या पट्ट्यात भूजलाच्या कामासाठी हिंडलोय, म्हणून आधी बोअरचंच बोलतो. तो विचार सोडा.

सातपुड्याच्या पायथ्याशी काही ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं. जमिनीत दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश तापमान वाढत जातं, तिथं ते तापतं आणि खडकातल्या एखाद्या वाटेनं वर येतं. ही वाट अरुंद असते. शेजारून उपसा सुरू झाला तर दाब घटतो, वरचं थंड पाणी मिसळू लागतं, आणि गोमुखाची धार आधी कोमट आणि मग बारीक होते. यावल-रावेरच्या केळी पट्ट्यात विहिरी आटून बोअर कुठवर खाली गेले, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. इथं शरभंग ऋषींचा आश्रम होता या कथेवर श्रद्धा ठेवून माणसं लांबून त्या धारेखाली बसायला येतात. ती धार आटली तर तुमच्या धंद्यालाही काही उरणार नाही.

त्यापेक्षा आधी मोजा. २० लिटरची बादली आणि मोबाइलचं घड्याळ घ्या. बादली किती सेकंदांत भरते ते पौषात, वैशाखात आणि पोळ्याच्या सुमारास वहीत लिहा, सोबत तापमानही. समजा ४० सेकंद लागले, तर मिनिटाला ३० लिटर, म्हणजे दिवसाला साधारण ४३ हजार लिटर झाले. ऐकायला भरपूर वाटतं, पण त्यात यात्रेकरूंची आंघोळ आहे, खालच्या शेतांचा ओलावा आहे. त्यांचं भागून रात्री जे वाहून जातं, तेवढ्याचीच बोलणी ग्रामपंचायतीशी आणि देवस्थानाशी करा, तीही लेखी.

मोठा पूल नकोच. कोमट साचलेल्या पाण्यात जंतू झपाट्यानं वाढतात. नेग्लेरिया नावाचा अमीबा अशा पाण्यातून नाकावाटे मेंदूपर्यंत जातो. क्वचित घडतं, पण झालं तर माणूस सहसा वाचत नाही. म्हणून पाचसहा लहान टाक्या बांधा, प्रत्येक कुटुंबानंतर रिकाम्या करून घासा, आणि डोकं बुडवू नये अशी पाटी लावा. पाणी ३८ ते ४० अंशांवर आणूनच आत सोडा. हृदयविकार, गरोदरपण, पायाला बधिरपणा आलेला मधुमेह असेल तर त्या माणसाला नम्रपणे थांबवा.

गुडघे मोकळे वाटतात, अंग हलकं होतं, एवढं सांगा. त्वचारोग बरा होतो असं बोर्डावर लिहू नका. औषधं आणि जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरच्या १९५४ च्या कायद्यात अडकू शकता, आणि कुणी त्या आशेवर औषध बंद केलं तर त्याचं नुकसान होईल.

हंगामाचं गणितही आत्ताच करून ठेवा. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, तेव्हा गरम पाण्यात कोण उतरेल? नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच तुमचे महिने. त्याच दिवसांत भरीत, कळण्याची भाकरी असते. शहरातला माणूस शनिवारी येऊन तेवढ्यासाठीही राहील. चारपाच खोल्या पुरे. बाकी आठ महिने शेतीच पोट भरेल असा हिशोब धरा, कर्ज त्याच मापानं काढा.

जमीन वाढवायची झाली तर सावध राहा. आदिवासी खातेदाराची जमीन जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ प्रमाणे परवानगीशिवाय घेता येत नाही, आणि वनजमिनीला १९८० चा वनसंवर्धन कायदा लागतो. इथल्या पावरा-बारेला आदिवासी पोरांना खोल्या सांभाळायचं, वाटाड्याचं काम द्या. सातपुडा त्यांना जितका ठाऊक आहे तितका आपल्याला नाही.

पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत दाखवून फ्लोराइड, सल्फेट, क्लोराइड आणि जंतूंचा अहवाल घ्या. तो आणि बादलीचे आकडे इथं टाकलेत तर टाकीचं माप मी काढून देतो.