तोडीचा दर रास्त आहे का?

प्रश्न : ऊसतोड मजूर दरवर्षी आपणहून येतात, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतात. कुणी जबरदस्ती करत नाही. मग दोघांनी मिळून ठरवलेल्या दराला अन्याय कसं म्हणायचं? – एक ऊस उत्पादक, कराड

उत्तर : उचलीचं तुम्हीच काढलंत ते बरं झालं. सगळी गोम तिथंच आहे. मी कारखान्याच्या शेतकी खात्यात चिटबॉय (ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारा) म्हणून लागलो, त्याच खात्यातून निवृत्त झालो. बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या जवळून पाहिल्या. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, पोरीचं लग्न नाहीतर दवाखाना निघतो, तेव्हा मुकादम पैसे मोजतो. त्या वेळी दर कोण विचारणार? पुढं फडात उतरल्यावर शेजारचा कारखाना जास्त देत असला, तरी उचल फिटेपर्यंत हलता येत नाही. ज्याला सोडून जाता येत नाही, त्याच्या होकाराला मी फार वजन देत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ ठरली, टनाला २७३ चे ३६६ रुपये झाले. नवरा-बायकोचा एक कोयता दिवसाला दोनेक टन तोडतो. म्हणजे सातशे-साडेसातशे, तेही दोघांत. तोडणं, मोळ्या बांधणं, डोक्यावरून वाहणं, रात्री बाराला गाडी आली तर ती भरणं, सगळं त्यातच. आजारी पडलं की खाडा : मजुरी बुडते, वर दंड. हिशेब मात्र पुरुषाच्या नावावर. बाईचं नाव कागदावर शोधूनही सापडायचं नाही.

बाजारच न्याय करतो म्हणाल, तर हार्वेस्टर, म्हणजे ऊस तोडणारं यंत्र, बघा. २०२३ च्या संपात संघटनांनी हाच मुद्दा धरला होता, की यंत्राला टनामागे माणसापेक्षा जास्त मिळतात. ऊस तोच. यंत्राच्या दरात डिझेल आणि बँकेचा हप्ता धरतात; आईबापाबरोबर कोपीवर (फडाजवळच्या झोपडीत) राहिलेल्या पोराची बुडालेली शाळा कुणी धरत नाही.

तुमची अडचण कळते. तोडणी-वाहतुकीचा खर्च तुमच्याच एफआरपीतून (सरकारनं ठरवलेल्या उसाच्या किमान दरातून) कापला जातो, त्यामुळं मजुरी वाढली की टोचते तुम्हाला. पण कारखाना सहकारी असेल तर तुम्ही सभासद आहात (तोडणारा नाही, हेही गमतीचंच). येत्या वार्षिक सभेत एवढंच विचारा, की बाईच्या वाट्याची मजुरी तिच्या खात्यावर का जमा होत नाही? त्यात तुमचा एक रुपयाही जात नाही.